बसण्याचे प्रयोजन

काहीही न करता, सलग दहा मिनिटं, तुम्ही शेवटचं कधी बसला होतात? न्हाव्याच्या खुर्चीत बसता ते धरायचं नाही, तिथे न्हावी बोलत असतो. बसची वाट बघत बसता तेही नाही, तिथे आपण बसला शिव्या देत असतो. नुसतं बसणं. डोळे मिटून, हात मांडीवर, तोंड बंद. नाही ना आठवत? मलाही आठवत नव्हतं. आणि सगळा घोळ आठवणीचाच तर होता.

आधी माझी योग्यता सांगतो, म्हणजे पुढे जी बेअब्रू झाली तिचं वजन तुम्हाला कळेल. चौतीस वर्षं मी पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. अकरा हजार चारशे वस्तू आणि प्रत्येकीची जागा मला तोंडपाठ. डोळ्यांवर पट्टी बांधून गोदामात सोडलं असतं तरी पाऊण इंची वॉशर आणून दिला असता. रॅक सोळा, खण तीन, डाव्या अंगाला. कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हा बंद पडला की यांना विचारा." तो बंद पडायचाच, ही गोष्ट वेगळी. निवृत्त झाल्यावर मी घरच्या स्वयंपाकघरालाही नंबर घातले होते. हळद रॅक एक, खण दोन. बायकोने चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी मलाच उचलून गॅलरीत ठेवलं.

असा मी. आणि मी हरवलो. एकदा नाही, तीनदा.

गेल्या महिन्यात आम्ही जुनं घर सोडून या नव्या वसाहतीत आलो. आठ इमारती, आठही पिवळ्या, प्रत्येकीच्या दाराशी एकच ते मरगळलेलं झाड. इथून बावीस मिनिटांच्या चालीवर माझा थोरला भाऊ राहतो. दादा एक्क्याऐंशीचा आहे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून तो घराखाली उतरत नाही. मुलगा-सून दिवसभर कामावर. रोज चार वाजता मी जायचं, आम्ही बुद्धिबळाचा डाव मांडायचा आणि साडेपाचला मी निघायचं, हा आमचा नेम. दादा बोलत नाही. घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसणारी माणसं बोलत नाहीत. पण चारला पाच मिनिटं कमी असताना तो पट मांडून बसलेला असतो, हे मला माहीत आहे.

जुन्या घरापासून तिकडची वाट सरळ होती. नव्या घरापासूनची वाट म्हणजे सात वळणं, दोन सिग्नल आणि रस्त्यात तीन औषधांची दुकानं, तिन्हींवर हिरव्या पाट्या. पहिल्यांदा मी हिरवी पाटी बघून वळलो आणि बस डेपोत पोचलो. दुसऱ्यांदा पत्ता विचारायला एका दारात शिरलो, तर तिथल्या बाईंनी मला "बसा, नंबर आला की बोलावते" म्हणून बसवलं. नंबर आला. आत एका गृहस्थांनी "तोंड उघडा" म्हटलं. मला पत्ता विचारायचाच होता, मी उघडलं. दाढ थोडक्यात वाचली.

तिसऱ्यांदाचं मात्र अगदी जिव्हारी लागलं. परतीच्या वाटेवर मी बरोबर वसाहतीत आलो, बरोबर सातव्या मजल्यावर गेलो, दार उघडं होतं, आत शिरलो, चपला काढल्या, सोफ्यावर टेकलो आणि डोळे मिटून म्हणालो, "अगं, चहा टाक."

आतून आवाज आला, "साखर किती?"

मी ताडकन उठलो. गेल्या सहा वर्षांत मला माझ्या घरात साखर किती, असं कोणी विचारलेलं नाही. इमारत चुकली होती. त्या बाई इतक्या सभ्य निघाल्या की आरडाओरड नाही, काही नाही. चहा दिला, बिस्किटं दिली आणि लेकीचा नंबर माझ्याकडून घेऊन तिला फोन केला. बाईंनी मला चोर समजून चार फटके दिले असते तरी चाललं असतं हो. त्यांनी मला "आजोबा" म्हटलं.

लेक आली ती वादळासारखी. ती जवळच, पुढच्या चौकात राहते. दुसऱ्या दिवशी तिने प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक पाटी आणली, गळ्यात अडकवायला फीत लावलेली. त्यावर माझं नाव, पत्ता आणि खाली, "सापडल्यास कृपया कळवावे."

"बाबा, हे घालून जा किंवा एकटे जाऊ नका. रविवारी मी गाडीने नेईन तुम्हाला काकांकडे."

आमच्या गोदामात अशी पाटी आम्ही नापास मालाला बांधत असू. ती बांधली की माल मागच्या शेडमध्ये जायचा आणि तिथून भंगारात. मी म्हणालो, "मी मेलो तरी ही पाटी घालणार नाही."

"मेलात तर लागणारच नाही," बायको म्हणाली. तिचं हे असं असतं.

शेवटी तह झाला. पंधरा दिवस मी वाट शिकायची. मग परीक्षा. मी पुढे चालायचं, लेक मागून येणार आणि एक शब्द बोलणार नाही. पोचलो तर पोचलो. चुकलो तर पाटी. तोपर्यंत एकट्याने जायचं नाही. आणि कोणातरी सोबत्याच्या देखरेखीखाली दादाच्या दारात उभं राहायचं, हे मला मान्य नव्हतं. म्हणून सरावाला त्याच्या फाटकापर्यंत जायचं आणि तिथूनच परत, असं मी ठरवलं. दादाला फोन केला, "गुडघा दुखतोय, काही दिवस येत नाही."

दादा म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "डाव अर्धा आहे. खेळी तुझी आहे." आणि फोन ठेवला. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

लेकीने मला डॉक्टरकडेही नेलं. विसरण्याचे डॉक्टर असतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिने मला चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी इतकं भराभर केलं की तिने मला मध्येच थांबवलं.

"काका, आजार काही नाही. वय आहे. नव्या वाटा बसायला जरा वेळ लागतो, एवढंच. मला सांगा, वाट चालून घरी आल्याबरोबर तुम्ही काय करता?"

"टीव्ही लावतो. पेपर वाचतो. सोसायटीतल्या लोकांशी बोलतो."

"गोदामात नवा माल आला की लगेच दुसरा ट्रक आत घ्यायचात?"

"छे! आधी पहिला माल खणात लागल्याशिवाय नाही. नाहीतर सगळा गोंधळ."

"मग डोक्यात का घेता? चालून आलात की दहा मिनिटं शांत बसा. झोपायचं नाही, पण टीव्ही नको, फोन नको, गप्पा नकोत. आतला माल आतल्या आत लागू दे. याची हमी मी देत नाही. पण अशी शांत विश्रांती घेतली तर वयस्कर माणसांनाही वाटा जास्त चांगल्या लक्षात राहतात, असं दिसून आलंय."

चौतीस वर्षांत माझ्याशी इतकं मुद्द्याचं कोणी बोललं नव्हतं. दहा मिनिटं गप्प बसायचं, एवढंच? हा तर डाव्या हातचा मळ! असं मला वाटलं. आपण किती भोळे असतो.

सरावाला माझ्याबरोबर यायला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तयार झाले. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेत. सगळी वसाहत त्यांना सल्लागार म्हणते. त्यांचा सल्ला फुकट असतो आणि परत करता येत नाही. जाता-येता चव्वेचाळीस मिनिटं त्यांनी मला बदाम कसे भिजवावेत, झोपताना पाय कुठल्या दिशेला करावेत आणि आमच्या पंपांच्या कारखान्याने काय काय चुका केल्या, हे सांगितलं. घराशी आल्यावर मी हात जोडले. "चला, आता मी जरा बसणार आहे."

ते थबकले. डोळे बारीक झाले. "बसणार? एकटेच?"

"एकटाच. रोज, चालून आल्यावर. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांनी!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आदर मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. "कुठले हो हे डॉक्टर?"

पहिल्या दिवशी घरात गेलो, खुर्ची ओढली, डोळे मिटले. बायको आंघोळीला गेली होती. घर शांत. दार मात्र लोटायचं राहिलं होतं. तीन मिनिटं झाली असतील. सात वळणांपैकी दोन कुठे खणात जाऊन पडतायत तोवर वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी दारातून डोकावलं. त्या वाटी परत करायला आल्या होत्या. मला खुर्चीत मान टाकून बसलेला बघितलं आणि वाटी पडली.

"अहो, ऐकलं का! गेले हो!"

मी डोळे उघडायच्या आत एक तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर. मी ओरडलो. वहिनी माझ्याहून मोठ्याने ओरडल्या. बायको केस पुसत बाहेर आली तेव्हा दिवाणखान्यात पाच शेजारी होते. एक माझे तळपाय चोळत होता आणि दुसरा फोनवर कोणालातरी "ओळखीचे होते, चांगले होते" असं सांगत होता. होते!

दुसऱ्या दिवशी दार आतून कडी लावून बसलो. चार मिनिटांनी बेल वाजली. सल्लागार उभे. हातात खारे दाणे, सोड्याच्या दोन बाटल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी उंच.

"म्हटलं, एकटे काय बसता? मीही बसतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या भाषेत दोन पुरुष "बसू या" म्हणाले की पुढे काय होतं, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मी समजावून सांगितलं. डोळे मिटून, काही न घेता, नुसतं बसायचं. त्यांनी सगळं ऐकलं. गुंडाळलेलं पुन्हा काखेत मारलं आणि जाताना म्हणाले, "बायको घरात आहे वाटतं. समजलं. खूण करायची ना!" संध्याकाळपर्यंत वसाहतीत दोन पक्ष पडले होते. एका पक्षाचं म्हणणं मी दारू प्यायला लागलो, दुसऱ्याचं म्हणणं मी दारू सोडायचा प्रयत्न करतोय. मी आयुष्यात सरबताच्या पुढे गेलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी घराचा नाद सोडला आणि वसाहतीच्या बागेत, कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. डोळे मिटतोय तोच शिट्टी वाजली. वॉचमन.

"काका, बाकावर झोपायला मनाई आहे."

"झोपत नाहीये. बसलोय."

"डोळे मिटलेत की."

"डोळे मिटून बसलोय."

"मग ते नियमांच्या पाटीवरच्या 'इतर' मध्ये येतं. 'इतर' साठी ऑफिसातून परवानगी लागते."

मी सरळमार्गी माणूस. चौतीस वर्षं चिठ्ठीशिवाय एक खिळा कोणाला दिला नाही, मग चिठ्ठीला मी कसा नाही म्हणणार? गेलो ऑफिसात. सेक्रेटरी स्वतः बसले होते. त्यांनी छापील अर्ज पुढे केला. 'बागेच्या वापरासाठी'. कार्यक्रमाचे स्वरूप: बसणे. व्यक्तींची संख्या: एक. वाद्ये: नाहीत. मंडप: नाही. कालावधी: दहा मिनिटे. बसण्याचे प्रयोजन: इथे मी अडलो. खरं लिहावं म्हणून लिहिलं, 'काही नाही'.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "असं कसं चालेल? काही नाही यासाठी परवानगी कशी देणार? उद्या सगळेच काही नाही करायला येतील."

"मग काय लिहू?"

"काहीतरी भारदस्त लिहा हो. बसणे कशाला? हे काय लिहायचे शब्द आहेत? मी घालतो बरोबर." आणि त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात 'बसणे' खोडून काहीतरी लिहिलं, शिक्का मारला. मी चष्मा घरी विसरलो होतो. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला परवानगीचा कागद खिशात घालून मी बाकावर गेलो, तर बागेत चाळीस माणसं. कोणी खुर्च्या आणल्या होत्या. मला वाटलं कोणाचा तरी वाढदिवस असेल. मी आपला बाकावर बसलो, डोळे मिटले. लगेच एक आवाज चढला, "तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, याचं काय?" दुसरा म्हणाला, "आधी पार्किंगचं बोला!" मग जी जुंपली ती जुंपली. मी ठरवलं होतं, काहीही झालं तरी दहा मिनिटं डोळे उघडायचे नाहीत. नाही उघडले. तोंडही उघडलं नाही. दहा मिनिटांनी बघतो तर सगळे शांत होऊन माझ्याकडे बघतायत.

सूचना फलकावर काय लागलं होतं ते मग कळलं. 'उद्या सायंकाळी पाच वाजता बागेत बैठक. कालावधी दहा मिनिटे.' खाली माझं नाव.

सल्लागार उठून म्हणाले, "इतक्या शांतपणे सगळ्यांचं ऐकून घेणारा अध्यक्ष मी आजवर पाहिला नाही." टाळ्या पडल्या. मला पार्किंग समितीचा अध्यक्ष करण्यात आलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. माझ्याकडे गाडी नाही. त्या दिवसापासून डोळे मिटून बसायची सोय तर गेलीच, उघडे ठेवून चालायचीही गेली. जो भेटेल तो मला अडवून स्वतःच्या गाडीची जागा दाखवू लागला.

पाच दिवस संपले होते. सल्लागारांच्या मागोमाग चालूनही मला तीन वळणांच्या पुढे काही आठवत नव्हतं. त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "जाऊ दे. आण ती पाटी. नापास तर नापास."  दादाच्या पुढ्यात पाटी गळ्यात घालून मी पट मांडणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

बायकोने पाटी काही आणली नाही. 

सहाव्या दिवसापासून मात्र तिला काय झालं कोण जाणे. मी चालून आलो, चपला काढतोय तोच म्हणाली, "आलात? मला वाटलं आज तरी कोणी ठेवून घेतील."

मी म्हणालो, "काय म्हणालीस?"

"काही नाही. चौतीस वर्षं नटबोल्ट मोजले, त्यात काय मोठंसं? मोजायला बसवलं तर कोणीही मोजेल."

नटबोल्ट मोजले! मला भयंकर राग आला. माझा स्वभाव असा आहे की राग आला की मी भांडत नाही. मी रुसतो. गॅलरीत गेलो, पाठ फिरवून खुर्चीत बसलो आणि ठरवलं, आता हिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. पहिली काही मिनिटं मी मनातल्या मनात तिला सणसणीत उत्तरं दिली. मग उत्तरं संपली. माझ्याकडे उत्तरांचा साठा फारसा नसतोच. मग नुसताच समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. मध्येच सल्लागार आले, तर बायको दारातच म्हणताना ऐकू आलं, "आज नको हो. फुगून बसलेत." आणि काय सांगू, ते पाय न वाजवता परत गेले! मेलेल्या माणसाच्या अंगावर पाणी ओतणारी ही माणसं, पण नवरा-बायकोच्या भांडणात कोणी पडायला तयार नाही.

सातव्या दिवशी तिने माझ्या टकलावर बोट ठेवलं. आठव्या दिवशी माझ्या आईच्या हातच्या चहाला नावं ठेवली, वारून पंधरा वर्षं झालेल्या माउलीच्या! नवव्या दिवशी म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्यांना बघा, त्यांना गाडी चालवतानाही रस्ता विचारावा लागत नाही." रोज मी दारात पाऊल टाकायचा अवकाश, हिची जीभ तयार. रोज मी गॅलरीत. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई इतकी टोचून कधी बोलली नव्हती. माझ्या मनात यायचं, म्हातारपणी माणूस निरुपयोगी झाला की बायकोसुद्धा बदलते. दहाव्या दिवशी तर तिने कहर केला. मला बघून म्हणाली, "आले आमचे भोपळेराव!"

मी जागच्या जागी थिजलो. चौथीत मला गणितात शून्य मिळालं होतं. त्यावरून एक संपूर्ण वर्ष गल्लीतली पोरं मला भोपळेराव म्हणत. ही गोष्ट मी जगात कोणालाही सांगितलेली नाही, बायकोला तर नाहीच नाही. हिला कळलं कसं? त्या दिवशी मी पाऊण तास रुसलो.

पंधरावा दिवस उजाडला. लेक आली, पर्समध्ये पाटी. फीत बाहेर लोंबत होती.

"चला बाबा. मी मागे आहे. एक शब्द नाही."

बायको दारात उभी होती. आज काही बोलली नाही. मी तिच्याकडे न बघता निघालो.

फाटकाबाहेर उजवीकडे. पहिली हिरवी पाटी, सोडायची. दुसरी हिरवी पाटी, तिच्या खिडकीत मोडकी चाकाची खुर्ची ठेवलेली असते, तिथे डावीकडे. हे मी विचार करून नाही केलं हो. पायच वळले. सिग्नल ओलांडला. रंगाचं दुकान, मग चाव्या बनवणारा, मग भिंतीला टेकवलेल्या शिड्या. रॅक एक, रॅक दोन, रॅक तीन! दाताच्या दवाखान्यावरून गेलो तेव्हा मी दारातल्या बाईंना हात केला, त्यांनीही केला. मागून लेकीच्या चपलांचा आवाज येत होता. पाचव्या वळणाशी तो एकदम थांबला, म्हणून मीही थबकलो.  चुकलो की काय? डावीकडे रुंद रस्ता, उजवीकडे अरुंद बोळ. लेक काही बोलेना. मी डोळे मिटले. बोळाच्या तोंडाशी सायकलींची चाकं टांगलेली असतात. उघडले, बघितलं. चाकं होती. बोळात शिरलो. मागून चपला पुन्हा वाजू लागल्या.

एकवीस मिनिटांत मी दादाच्या फाटकाशी होतो. वळून बघितलं. लेकीने पर्स उघडली, ती पाटी काढली आणि फाटकाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिचे डोळे भरले होते. "पाचव्या वळणाला मला वाटलं तुम्ही डावीकडे जाणार," ती म्हणाली. "मी श्वास धरून उभी होते, बाबा."

"आता तू जा घरी," मी म्हणालो. "परत मी एकटा येईन."

दादाने दार उघडलं, काठी टेकत.  आत पट मांडलेला होता, अर्धा डाव, पंधरवड्यापूर्वीचा, जसाच्या तसा. सोंगट्यांच्या भोवती धूळ होती आणि प्रत्येक सोंगटी धुळीच्या गोल खुणेत उभी. सूनबाईला त्याने पटाला हात लावू दिला नव्हता.

मी बसलो. घोडा उचलला, खेळलो. 

"गुडघा बरा आहे?" दादाने विचारलं.

"हो," मी म्हणालो. मग राहवलं नाही. "दादा, गुडघ्याला काही झालं नव्हतं. मी वाट विसरायला लागलो होतो."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोचा फोन असायचा की. रोज दुपारी." दादाने उंट सरकवला. "विचारायची, लहानपणी हे कशाकशाने रुसायचे? रोज नवीन लागायचं तिला. म्हणायची, जुन्याला आता चिडत नाहीत. मी आठवून आठवून सांगितलं. टक्कल तिचं तिनेच शोधलं. भोपळेराव माझं."

मी उचललेली सोंगटी परत खाली ठेवली.

"म्हणाली," दादा पुढे म्हणाला, आणि एवढं तो वर्षभरात बोलला नसेल, "म्हणाली, दहा मिनिटं गप्प बसायचंय त्यांना, पण लोक बसू देत नाहीत. मात्र रुसून बसले की कोणी जवळ फिरकत नाही. आणि रुसले की ते स्वतःही टीव्ही लावत नाहीत." मग त्याने माझ्या वजिराकडे बोट केलं. "तुझी खेळी आहे, भोपळेराव."

तो डाव मी हरलो. पट दिसत नव्हता नीट.

साडेपाचला निघालो आणि सहाला आठ मिनिटं कमी असताना माझ्या घराच्या दारात उभा राहिलो. इमारतही बरोबर होती. बायकोने दार उघडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं.

मी खूप काही बोलायचं ठरवून आलो होतो. वाटेत सातही वळणांवर वाक्यं जुळवली होती. पण तोंडातून निघालं ते, "माझ्या आईच्या चहाला नावं ठेवलीस तू!"

"ठेवली. चांगला करायच्या त्या चहा. मग?"

"मग काय! अशी फसवणूक! नऊ दिवस!" आणि मी ताडताड गॅलरीत गेलो आणि पाठ फिरवून बसलो. आता याला तुम्ही काहीही म्हणा, पण मला दुसरं काही करताच येत नव्हतं. तिच्यासमोर रडण्यापेक्षा रुसलेलं बरं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बायकोने आपली खुर्ची ओढत गॅलरीत आणली आणि माझ्या शेजारी, तोंड दुसरीकडे करून बसली.

"तू का बसलीस?"

"मी रुसलेय," ती म्हणाली. "नऊ दिवस मी इतकं टाकून बोलले. माझ्या जिभेला काटे आले. एकदा तरी येऊन विचारलंत, अगं, तुला झालंय तरी काय?"

मी तोंड उघडलं.

"आता गप्प बसा," ती म्हणाली. "आत्ताच चालून आलात ना?"

बसलो. दाराची बेल वाजली, सल्लागारांचा आवाज आला, पार्किंगचं काहीतरी होतं. आम्ही दोघंही उठलो नाही.